कुठं लावणार हा फोटो?

मिलिंद गेल्याची बातमी मला त्याच्याच छायाचित्राने दिली. सकाळी महाविद्यालयात जायला निघताना मोबाईल उघडला, तर आमच्या शाळासोबत्यांच्या गटावर त्याचा चेहरा होता. भोवती निळी चौकट, खाली 'भावपूर्ण आदरांजली', आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'फोटो साभार'. क्षणभर मला हसू आले. वाटले, आता याचा फोन येणार आणि हा विचारणार, "गुरुजी, ह्यो साभार म्हंजी कोन रं? लई फोटो काढतोय गडी, समद्या गावाचे!" मग त्या चौकटीचा अर्थ डोक्यात शिरला... रात्री छातीत कळ आली, नगरला नेईपर्यंत सगळे संपले होते. चौकटीतले ते छायाचित्र मीच माझ्या मुलीच्या लग्नात मोबाईलवर काढले होते. हातात ताट, मान अर्धी वळलेली, कोणाला तरी 'नको नको' म्हणत असलेला मिलिंद. लग्नानंतर कोणीतरी ते माझ्याकडून घेतले होते, आता कोणीतरी त्यातले ताट कापून टाकले. हयातभर दुसऱ्यांना नीट बसवून, हनुवटी वर करायला लावून छायाचित्रे काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे एकही धड छायाचित्र आमच्यापैकी कोणाकडे नव्हते.

देवळाली प्रवरेच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. माझे वडील पौरोहित्य करीत आणि मी पुढे शिक्षक झालो, म्हणून तो मला 'गुरुजी' म्हणायचा. दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात आणि एक शब्द वाचतो, असे त्याचे म्हणणे. त्याचे वडील साखर कारखान्यात कामगार होते. त्यांनी धाकट्या मुलाला शिक्षणासाठी पुण्याला पाठवले आणि मिलिंदला त्याच्या हट्टापायी एक जुना कॅमेरा घेऊन दिला. पेठेतल्या एका अरुंद गाळ्यात त्याचा स्टुडिओ सुरू झाला. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण गिऱ्हाईक कंगवे नेते. छायाचित्र मोठे करून घ्यायला कोणी आले की मिलिंद आकार विचारत नसे, कागद विचारत नसे. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "कुठं लावणार?" बैठकीत लावायचा, सोयरिकीला पाठवायचा, की हार घालायचा... उत्तर मिळेपर्यंत तो किंमत सांगत नसे. सोयरिकीच्या फोटोत तो उजेड वाढवायचा. हार घालायच्या फोटोत डोळ्यांखालची काळजी तशीच ठेवायचा. "घरच्यांनी ती बघितलेली असती गुरुजी," तो म्हणायचा, "पुसली तर त्यांना मानूस परकं वाटतं." मला या साऱ्याची गंमत वाटे. एकाच आकाराच्या कागदाला तीन किमती कशा, असे मी त्याला नेहमी छेडत असे.

मोबाईल आले आणि स्टुडिओचे गिऱ्हाईक ओसरले. याच सुमारास घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात काढलेली त्याची छायाचित्रे कोणीतरी इंटरनेटवर टाकली आणि बातम्यांची संकेतस्थळे, शेतीची पाने, कसली कसली मंडळी त्याला फोन करू लागली. बहुतेकांचे बोलणे एकाच ठिकाणी येऊन थांबे : पैसे नाहीत, पण नाव टाकू. पुष्कळदा नावही पडत नसे. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि खुर्चीत न बसता दारातच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तुला लिवता येतं. मला एक कागद करून दे. कुनी फोटो मागितला तर किती सांगायचं, आन न इचारता लावला तर काय करायचं, ते समदं त्यात पायजे."

मी तो कागद केला. आज वाटते, आयुष्यात इतक्या तन्मयतेने मी दुसरे काही लिहिले नाही. चार जाणत्या लोकांना विचारले, मोठ्या शहरांतले दर पाहिले, रकाने आखले. छायाचित्राचा आकार, पानावरची जागा, किती महिने राहणार, छायाचित्रकाराचे नाव कसे छापायचे, परवानगीशिवाय वापरल्यास मूळ दराच्या किती पट आकारायचे... सगळे होते. मिलिंदने वाचून पाहिले आणि म्हणाला, "समदं बेस हाय. पन कुठं लावणार, त्ये इचारायचं ऱ्हायलंय." मी त्याला समजावले की हे घराच्या भिंतीचे काम नव्हे, व्यवहारात माणसाला असे प्रश्न विचारले तर ते पोरकट दिसते आणि गिऱ्हाईक बिचकते. पत्रव्यवहार मीच पाहणार होतो. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "तू म्हनतो तर ऱ्हाऊ दे." माझ्या त्या रकान्यांतला शेवटचा, सर्वांत महाग रकाना होता : 'सर्व प्रकारचा वापर, कोठेही.'

कौसाबाईंचे छायाचित्र त्या रकान्यातून गेले.

कौसाबाई तिसगावजवळच्या. नवरा म्हशींचा व्यापारी, आमच्याकडे त्यांना हेडी म्हणतात. तो वारल्यावर दिराने व्यापार आपल्याकडे घ्यायचा बेत केला होता. पण तेराव्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला कौसाबाई चार म्हशी टेम्पोत घालून घोडेगावला येऊन उभ्या राहिल्या. त्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, त्यावर रुमाल टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसे उभी असली, तरी भाव त्या दोघांतच राहतो. रुमालाखाली बाईचा हात त्या बाजाराने पाहिला नव्हता. मिलिंदने ते टिपले : पांढरा रुमाल, त्याच्या एका बाजूला मनगटावर हिरव्या गोंदणाचे ठिपके असलेला हात, दुसऱ्या बाजूला पुरुषाचा घड्याळ बांधलेला हात आणि वर कौसाबाईंचा चेहरा. त्या समोरच्या माणसाकडे पाहत नाहीत. त्याच्या खांद्यावरून म्हशीकडे पाहत आहेत. भाव पटलेला नाही, हे ते छायाचित्र बघणाऱ्या कोणालाही कळावे.

पुण्याच्या एका कंपनीने ते मागितले. महाग रकाना निवडला. मी आनंदाने होकार कळवला आणि मिलिंदला फोन करून म्हणालो, "बघ, कागदाचा फायदा." त्या कंपनीची समाजमाध्यमांवर अनेक पाने चालत असत, त्यांतले एक विनोदाचे. तिथे ते छायाचित्र लागले आणि त्यावर रुमालाखाली काय चालले आहे याविषयी एक ओळ टाकलेली होती. ती ओळ मी इथे लिहू शकत नाही. चार दिवसांत ती जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचली. जो तो आपल्या पानावर लावी आणि खाली सभ्यपणे 'साभार' लिही.

कौसाबाईंचे बाजारात येणे थांबले. दिराने त्यांच्या पडवीत उभे राहून भावकीच्या देखत सांगितले की घराची अब्रू रुमालाखाली गेली, आता दावण माझ्याकडे द्या. म्हशी त्याच्या गोठ्यात गेल्या. हे कळल्यावर मिलिंदने स्टुडिओत बसून माझा कागद पुन्हा एकदा वाचला. मला वाटले, तो आता बोलेल. त्याने फक्त विचारले, "ह्या कोठेहीमधी ते पान पन येतं ना रे?" मी हो म्हणालो.

यानंतरचे काही आठवडे मी त्याच्यासोबत होतो. ज्यांनी न विचारता लावले होते त्यांना नोटिसा पाठवाव्यात, असे माझे मत होते. मसुदे तयारही होते. मिलिंद म्हणाला, "नोटीस जाऊ दे. आधी आवाज जाऊ दे." तो एकेकाला फोन करायचा. मी फोटो काढणारा बोलतोय, त्या बाई तुमच्या मावशीच्या वयाच्या आहेत, त्यांचा धंदा बसलाय, तेवढा काढा. पुष्कळांनी काढला. काहींनी उलट बोल लावले. गावाकडच्या गमतींचे पान चालवणारा एक गृहस्थ मात्र खरोखरच दुखावला. त्याचे म्हणणे मला फोनच्या बाहेर ऐकू येत होते : "पण दादा, आपण चोरी केली नाय! खाली साभार लिवलंय की! बघा तरी!"

"मालक," मिलिंद शांतपणे म्हणाला, "तुमच्या दावनीची म्हस मी सोडून नेली, आन खुट्याला साभार लिवलेली चिठ्ठी बांधली, तर चालन का?"

मग तो माणूस मोठ्याने हसला आणि म्हणाला, "काढतो, काढतो. लई बेकार बोलता राव तुमी." त्याने काढला आणि पुढे मिलिंदचा मित्रही झाला. आदरांजलीच्या दिवशी तो राहुरीहून आला होता, मागच्या रांगेत बसला होता.

पुण्याच्या कंपनीपुढे मात्र आवाज चालणार नव्हता. आम्ही दोघे गेलो. तिथला अधिकारी नम्र होता, पाणी विचारले, आणि माझाच कागद पडद्यावर उघडून म्हणाला, "सर, भाषा तुमचीच आहे. आम्ही त्याप्रमाणेच वागलो." त्याचे म्हणणे खरे होते. परवानगीवाचून झालेल्या वापराविरुद्ध मी पट आणि दंड लिहून ठेवले होते, आणि सर्वांत वाईट वापर परवानगी घेऊन झाला होता. मी भाषेचा शिक्षक आहे. 'कोठेही' या शब्दात किती जागा मावतात, हे मला माहीत असायला हवे होते. तास-दीड तासाने ठरले ते असे : घेतलेली रक्कम परत करायची, शिवाय वर्षभर बाजाराची छायाचित्रे त्यांना विनामूल्य द्यायची, त्याबदल्यात ते छायाचित्र सगळीकडून उतरणार आणि हक्क परत येणार. मिलिंदने सही केली. बाहेर येऊन आम्ही रस्त्याकडेला चहा घेतला. मी म्हणालो, "चूक माझी आहे." तो म्हणाला, "व्हय," आणि चहात बिस्कीट बुडवले. त्या 'व्हय'मध्ये राग नव्हता, पण सूटही नव्हती.

मग तिसगाव. कौसाबाई आधी बाहेर आल्याच नाहीत. उंबऱ्याच्या आतून आवाज आला, "काय काम हाय?" मिलिंद पडवीत उभा राहून म्हणाला, "बाई, चूक माझ्याकडून झाली. फोटो समदीकडून उतरवलाय. माफी मागाया आलो." मी त्याच्याशेजारीच होतो. चूक कोणाची हे सांगायला तोंड उघडायचे, एवढेच करायचे होते. मी गोठ्याकडे पाहत राहिलो. तिथे खुंटे होते, म्हशी नव्हत्या.

कौसाबाई दारात आल्या. "उतरावला? कुनी सांगितलं उतरावाया?"

मिलिंद गोंधळला. त्या म्हणाल्या, "समद्या मुलखानं हसून घेतलं, आन आता उतरावला. म्हंजी हसू तेवढं मागं ऱ्हायलं आन माजा हात ग्येला. फोटोत मी काय वाईट करत हुते व्हय? भावच करत हुते ना? त्यो पुढचा गडी म्हशीत वीस हजार पाडून मागत हुता, त्याची लाज न्हाई कुनाला!" मग म्हणाल्या, "खाली तुमचं नाव लिवतात ना? माजं कुटं हुतं? बिननावाची बाई म्हनल्यावर कुनी बी काय बी म्हननार. पुन्हा लावा. खाली लिवा, कौसाबाई, म्हशीची व्यापारी, तिसगाव. मंग बघते कोन दात काढतंय."

"लावतो," मिलिंद म्हणाला. "पैसं न घेता देतो, ज्याला पायजे त्याला."

"आन फुकट कशापायी? फुकट दिलेल्या रेड्याला लोक उन्हात बांधत्यात. पैसं घ्या. निम्मं मला आना."

मिलिंद हसला. किती तरी दिवसांनी हसला होता. परतताना गाडीत त्याने मला एवढेच सांगितले की कागद नव्याने कर, आणि यावेळी माझा प्रश्न पहिल्या ओळीत घाल. मी घातला. 'हे छायाचित्र आपण कोठे लावणार आहात?' त्याखाली दुसरी ओळ त्याने स्वतः सांगितली : छायाचित्रातल्या माणसाचे नाव छायाचित्रकाराच्या नावाच्या आधी. दर त्याखाली. गिऱ्हाईक बिचकेल ही माझी भीती काही अंशी खरी ठरली. कित्येकांनी पुन्हा पत्र पाठवले नाही. पण ज्यांनी उत्तर दिले त्यांनी खरे उत्तर दिले.

छायाचित्र नावासकट लागले, शेतीच्या एका चांगल्या पानावर. तरी कौसाबाई बाजारात येतील आणि कोणी त्यांच्या हातावर रुमाल टाकेल, याची खात्री कोणालाच नव्हती. मिलिंदला तेवढ्याचाच घोर लागला होता. दर आठवड्याला तो घोडेगावला जायचा आणि कॅमेऱ्याची पिशवी न उघडता परत यायचा. एका बाजाराला मी बरोबर होतो, त्याच दिवशी त्या आल्या. एकच म्हैस होती, माहेरून आणलेली. तिच्याशेजारी त्या उभ्या राहिल्या. माणसे येत, म्हशीचे दात बघत, कास बघत, आणि भावाची वेळ आली की हात मागे घेत. एक जण म्हणाला, "बाई, तोंडानंच सांगा की." त्या म्हणाल्या, "तोंडानं भाजी इकत्यात." भोवती कोणीतरी खिदळले. मिलिंदने माझा दंड धरला होता. त्याची बोटे रुतत होती. ऊन चढत गेले. शेवटी सोनईकडचा एक म्हातारा हेडी, पांढऱ्या मिशांचा, खांद्यावरचा रुमाल झटकत आला, म्हशीला एक फेरी मारली आणि काहीही न बोलता हात पुढे केला. कौसाबाईंनी हात दिला. रुमाल पडला. बराच वेळ दोघे स्थिर उभे होते. मग म्हातारा ओरडला, "आगं ए बाई, म्हस इकती का कारखाना?" आणि सारे हसले, हे हसू वेगळे होते. मी मिलिंदला म्हणालो, "काढ ना फोटो!" त्याने मान हलवली. म्हणाला, "आज नगं. आज त्यांचा भाव त्यांना करू दे." त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने पुसले नाहीत.

त्यानंतरही त्याने बाजाराची शेकडो छायाचित्रे काढली, विकली, भांडला, समजावले. कौसाबाईंचा निम्मा वाटा दर वेळी पोचवायला तो स्वतः जायचा. 'चूक माझ्याकडून झाली' हे वाक्य मात्र त्याने कधी मागे घेतले नाही, आणि मी कधी घेऊ दिले नाही असे म्हणणे अधिक खरे होईल. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आदरांजलीच्या, कार्यक्रमात त्याच्या पत्नीने, सुनंदावहिनींनी, मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी त्याच्या कलेविषयी बोललो. खाली बसल्यावर मला कळले की आपण पुन्हा गोठ्याकडे पाहत होतो.

या पुरवणीच्या संपादकांनी लेखासोबत त्याने काढलेले एक छायाचित्र मागितले, तेव्हा साहजिकच मला कौसाबाईंचे ते छायाचित्र आठवले. सुनंदावहिनी म्हणाल्या, "माझी ना नाही भावजी, पण बाईंना विचारा." गेल्या आठवड्यात मी तिसगावला गेलो. कौसाबाई आता थकल्या आहेत, पण गोठा भरलेला आहे. मिलिंदची बातमी त्यांना कळली होती. मी सांगितले की कागद माझा होता, तो शब्द माझा होता, आणि त्या दिवशी मी गप्प राहिलो. त्यांनी ऐकून घेतले. "व्हय का," म्हणाल्या. "च्या घ्या, निवल." मग छायाचित्राचे विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "बाजारावर काय लिवाल तवा न्या. मरनाच्या पानावर माजा हात नगं." म्हणून या लेखासोबत ते छायाचित्र नाही.

ते त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. मिलिंदने मोठे करून दिलेले, तिसगावातल्या कोणा काचवाल्याने चौकटीत बसवलेले. बसवताना त्याने खालची कड कापून टाकली, आणि तिच्यासोबत दोन्ही नावे गेली. माझे लक्ष तिथेच गेले, सवयीने. मी म्हणालो, "बाई, नावं गेली की यातली. नवीन करून आणू का?" त्या उत्तर देणार तोच म्हैस बघायला आलेला एक पाहुणा आत येऊन टेकला, आणि माठातले पाणी पिता पिता त्याने भिंतीकडे पाहिले.

"ह्ये तुमी व्हय, मावशी? कुनी काढला?"

"मिलिंद म्हनून हुता, देवळालीचा," कौसाबाई म्हणाल्या. "मागल्या महिन्यात ग्येला. बस, सांगते." मग माझ्याकडे वळून, "आसं रोज कोन न कोन इचारतंय. लिवलेलं आसतं तर कशाला इचारलं आसतं?"

आणि त्या सांगू लागल्या. मी चहा संपवला आणि तिथेच बसून राहिलो, पाहुण्याबरोबर ऐकत...